भिंतीतून निघालेली फळी, अगदी कमी खर्चात

पुस्तकांसाठी फ्लोटिंग शेल्फ हवे होते, म्हणजे खाली ब्रॅकेट न दिसणाऱ्या, भिंतीतूनच बाहेर आल्यासारख्या वाटणाऱ्या फळ्या. ऑनलाइन बघितल्या तर स्वस्तातल्या बहुतेक पार्टिकल बोर्डाच्या, वरून पातळ कागदी लॅमिनेट, आणि सोबत येणारे स्क्रू इतके बारके की त्याच्यावर दोन फोटोफ्रेम आणि एखादी छोटी कुंडी सोडून काही ठेवू नये. मला ठेवायचे होते दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि सासऱ्यांची सगळी जुनी पुस्तकं. मग घरीच केल्या, उरलेल्या प्लायच्या, आणि आता हॉलमध्ये दोन आणि मुलीच्या खोलीत एक अशा आहेत, आणि ज्या ज्या मैत्रिणी घरी येतात त्या विचारतात की हे कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. फळी कुठल्या लाकडाची, पॉलिश कुठलं, हे सगळं नंतर. आधी भिंत कसली आहे ते बघा, कारण सगळं वजन शेवटी भिंतीतल्या चार स्क्रूंवर येतं. आमच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत, त्यांना मी प्लायबद्दल विचारायला गेले होते तर ते पहिल्यांदा म्हणाले, ताई, बिल्डिंग किती साली झालीय ते सांगा. तेव्हा मला वाटलं हे काय विचारतायत, पण तोच खरा प्रश्न आहे.

यूट्यूबवर जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडे घराच्या आतल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या असतात आणि आत दर १६ इंचांवर लाकडी खांब, त्यांना स्टड म्हणतात, आणि शेल्फ त्या स्टडमध्येच स्क्रू करायची असते, म्हणून ते लोक स्टड फाइंडर घेऊन भिंतीवर फिरवत असतात. आपल्याला ते काहीही लागत नाही. आपल्या भिंती विटांच्या नाहीतर ब्लॉकच्या नाहीतर सरळ काँक्रीटच्या, त्यामुळे एका अर्थाने आपलं काम सोपं आहे, हवं तिथे भोक पाडता येतं, फक्त त्या त्या भिंतीला योग्य असं पाडायला हवं.

भिंत ओळखायची सोपी पद्धत म्हणजे जिथे फळीमागे झाकलं जाणार आहे अशा जागी एक भोक पाडायचं आणि पावडर बघायची. सुरुवातीला प्लास्टरची राखाडी रेती येईल, साधारण अर्धा ते पाऊण इंच. त्यानंतर लाल भुकटी यायला लागली की वीट, छान, निवांत काम करा. राखाडी बारीक पावडर येतेय आणि ड्रिल पुढेच सरकत नाहीये, नुसतं तापतंय, तर ते काँक्रीट, म्हणजे एकतर तुम्ही बीम किंवा कॉलमवर आहात किंवा तुमची बिल्डिंग मिवान पद्धतीची आहे, जिथे ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल फार दमवतं, रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटसाठीचं जास्त ताकदीचं ड्रिल, मागवा, पण एकदा भोक पडलं की पकड जबरदस्त. आणि तिसरी म्हणजे पांढरट मऊ भुकटी भराभरा पडते, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं, ते एएसी ब्लॉक. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ बिल्डिंगांमध्ये हेच असतात, वजनाला हलके, आत हवेचे बुडबुडे. एएसीमध्ये हॅमर मोड बंद ठेवायचा, नाहीतर भोक आतून रुंद होत जातं, आणि साधा नायलॉनचा प्लग, म्हणजे भोकात आधी बसवतात आणि ज्यात स्क्रू फिरवतात तो, तिथे हळूहळू सैल पडतो, त्यासाठी खास एएसीचे लांब प्लग मिळतात ते मागायचे. दुकानदार म्हणेल साधाच चालतो हो, सगळे हाच नेतात. फोटोफ्रेमला चालतो. पुस्तकांना नाही.

जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंती असतील तर हा उद्योग करू नका, तिथे कोनाडे आणि फडताळं असतातच, ती वापरा.

खरं तर भिंतीतून आलेली फळी आपल्याला नवीन नाहीच. माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात कडप्प्याच्या फळ्या आहेत, काळा दगड, खाली काही आधार नाही, आणि त्याच्यावर पिठाचे, डाळींचे भरलेले डबे वर्षानुवर्षं बसलेत. ती फळी हलत नाही कारण भिंत बांधतानाच तिची कड आत घेतलेली असते आणि वरच्या विटांचं वजन तिला दाबून धरतं. आपण बांधून झालेल्या भिंतीवर फळी लावतोय, आपल्याला ती कड आत घालता येत नाही, म्हणून मग भिंतीला एक पट्टी घट्ट स्क्रू करायची, त्या पट्टीला पुढे आलेले दात, आणि त्या सगळ्यावर वरून एक पोकळ खोका सरकवायचा. खोका म्हणजे तुमची दिसणारी फळी. आतली पट्टी दिसत नाही, म्हणून ती तरंगल्यासारखी वाटते. एवढीच युक्ती आहे.

आता थोडं गणित, कंटाळू नका, कारण फळी किती रुंद करायची हे यावरूनच ठरतं. फळीवर वजन ठेवलं की ती पुढच्या बाजूला खाली झुकायला बघते, पट्टीची खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात. समजा पट्टी दीड इंच उंच आहे आणि स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून एक इंच वर, म्हणजे अडीच सेंटिमीटर. आता फळीवर १० किलो वजन ठेवलंय आणि त्याचा मध्य भिंतीपासून १० सेंटिमीटरवर आहे, तर १० गुणिले १० भागिले अडीच, म्हणजे ४० किलोची ओढ. चार स्क्रू असतील तर प्रत्येकी १०. तेच वजन भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर नेलं की ओढ ६० किलो झाली. वजन तेवढंच, फक्त पुढे सरकलं. म्हणून फळी जितकी अरुंद तितकी चांगली, आणि स्क्रू पट्टीच्या मधोमध न मारता जरा वरच्या बाजूला मारायचे.

पुस्तकं किती जड असतात याचा अंदाज आपल्याला नसतो. फूटभर ओळीत सहज ८-९ किलो होतात, म्हणजे तीन फुटी फळी गच्च भरली तर पंचवीस किलोच्या वर. पण आपली नेहमीची डेमी आकाराची मराठी पुस्तकं साडेपाच इंच रुंद असतात, भिंतीला टेकवून ठेवली तर त्यांच्या वजनाचा मध्य भिंतीपासून ७ सेंटिमीटरवरच येतो, त्यामुळे ओढ पाऊणशे किलोच्या आसपास, चार स्क्रूंवर वाटली की प्रत्येकी १९ वगैरे, आणि चांगल्या विटेत नीट बसलेला ८ एमएमचा प्लग हे आरामात घेतो. मी तरी चारऐवजी पाच मारले. फळी ८ इंच रुंद पुरे. बारा इंची फळी दिसायला छान वाटते पण मग तिच्यावर दोन दोन ओळी पुस्तकं जातात, आणि पुढच्या ओळीचं वजन नको तिथे येतं.

सामान कुठून आणायचं, कारण स्वस्त पडायचं सगळं गुपित इथेच आहे. नवीन प्लायची शीट ८ बाय ४ ची घ्यायची गरज नाही. सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे इंटिरियरचं काम चालू असतंच, तिथल्या मिस्त्रींना विचारा, ६ एमएम आणि १८ एमएमचे तुकडे त्यांच्याकडे ढिगाने उरतात आणि शेवटी टेम्पोत भरून जातात. मी चहा घेऊन गेले, काय करायचंय ते सांगितलं, आणि त्यांनी तुकडे तर दिलेच वर त्यांच्या मशीनवर सरळ कापूनही दिले, हे फार मोठं काम वाचलं कारण घरच्या करवतीने लांब सरळ कट येणं अवघड. नाहीतर पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, तिथे प्लायच्या दुकानांत कटपीस मिळतात आणि पट्ट्या पाहिजे त्या मापाच्या वखारीत कापून देतात.

भोसरी-चाकणच्या बाजूला राहणाऱ्यांना पॅकिंगच्या पाइनवूडच्या पट्ट्या फार स्वस्तात मिळतात, कंपन्यांतून आलेल्या पॅलेट तोडून विकणारे असतात. त्या चालतात, फक्त पॅलेटवरचा शिक्का बघून घ्या. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी रोमन अक्षरं असतात. एच टी असेल तर ते लाकूड किडीसाठी तापवलेलं आहे, आतपर्यंत ५६ अंशाला किमान ३० मिनिटं, ते बिनधास्त घरात आणा. एम बी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, तो विषारी वायू आहे, ते लाकूड मुलांच्या खोलीत काय कुठेच नको. आणि वर तेलाचे नाहीतर केमिकलचे डाग असतील तर शिक्का कुठलाही असो, सोडून द्या.

प्लायवर आयएसआयचा शिक्का असतो त्यात ३०३ लिहिलं असेल तर ते घरातल्या फर्निचरचं नेहमीचं प्लाय, ७१० असेल तर मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारं. हॉलमधल्या पुस्तकांना ३०३ भरपूर झालं.

आता माप सांगते, ३ फूट लांब, ८ इंच रुंद, २ इंच जाड दिसणाऱ्या एका फळीचं. भिंतीवरची पट्टी दीड इंच उंच, एक इंच जाड, लांबी ३ फुटांपेक्षा दीड-दोन इंच कमी, कारण दोन्ही टोकांना खोक्याच्या बाजूच्या पट्ट्या बसायच्या असतात. त्या पट्टीला काटकोनात चार दात, तेही दीड इंच उंच, लांबी साधारण सहा इंच, मागून प्रत्येकी दोन स्क्रू आणि फेव्हिकॉल. दात काटकोनात आहेत ना हे गुण्या लावून बघा, इथे आळस नको, एक दात तिरका गेला तर खोका सरकतच नाही. खोका म्हणजे वर एक ६ एमएम प्लाय, खाली एक ६ एमएम प्लाय, पुढे आणि दोन्ही बाजूंना मधे दीड इंची पट्टी, मागची बाजू उघडी. खोक्याच्या पट्ट्या दातांच्या पट्ट्यांपेक्षा अगदी केसभर, म्हणजे एखादा मिलिमीटर जास्त उंच ठेवा, नाहीतर सरकवताना अडकतं, विशेषतः पावसाळ्यात लाकूड थोडं फुगतं तेव्हा.

प्लाय घेताना वरच्या थराच्या रेषा लांबीच्या दिशेने येतील असं कापून घ्या, आडव्या रेषांची फळी लवकर वाकते. आणि कुणाला वाटेल ६ एमएम फारच पातळ, तर तसं नाहीये, वर खाली दोन पातळ पाट्या आणि मधे पट्ट्या असं सगळं चिकटलं की ते एकच जाड अंग होतं. १८ एमएमची सुटी फळी वजनाला जवळपास तेवढीच भरते पण वाकते मात्र लवकर.

चिकटवताना फेव्हिकॉल सगळीकडे सारखं पसरायचं, जाड थापायचं नाही, आणि वरून पाऊण इंची चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या. क्लॅम्प नसतील तर सपाट फरशीवर ठेवून वर वजन ठेवा, मी सगळे शब्दकोश ठेवले होते. रात्रभर हात लावू नका. खोका नीट सुकलेला नसताना लावला तर वरची पाटी कडेने सुटायला लागते आणि ते नंतर कधीच नीट होत नाही.

भिंतीचं काम. इथे घाई करू नका. पहिली गोष्ट म्हणजे स्विचबोर्ड कुठे आहे बघा, त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात, बोर्डाच्या आडव्या रेषेतही शक्यतो नको. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर ती भिंतच सोडा. काम करताना ड्रिलची वायर दुसऱ्या खोलीतून आणा आणि या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा. डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, विटेची धूळ घशात फार बसते.

लेव्हलसाठी स्पिरिट लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी, पारदर्शक पाइपमध्ये पाणी भरायचं, दोन टोकं दोन जागी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं तिथे खूण. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही एवढं बघा. मला ही नळी मोबाइलच्या ॲपपेक्षा जास्त भरवशाची वाटते, आणि हॉलमधल्या दोन फळ्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना एकाच उंचीवर आणायच्या होत्या तिथे तर नळीशिवाय जमलंच नसतं. छताकडून किंवा खालच्या टाइलवरून टेपने मोजून खूण करू नका, जुन्या बिल्डिंगांमध्ये दोन्ही सरळ असतीलच असं नाही.

विटेच्या भिंतीत अजून एक गोष्ट होते जी कुणी सांगत नाही. विटांचे थर आडवे असतात आणि आपली पट्टीही आडवी, त्यामुळे तुमची ओळ जर नेमकी दोन थरांमधल्या सिमेंटच्या सांध्यावर आली तर एक नाही, सगळीच्या सगळी भोकं सांध्यात जातात आणि जुना सांधा भुसभुशीत असतो. म्हणून आधी एकच भोक पाडा, लाल भुकटीऐवजी नुसती रेतीच येत राहिली तर पूर्ण पट्टी दीड इंच वर किंवा खाली घ्या, जुनी वीट तीन इंच उंच असते म्हणजे तुम्ही बरोबर विटेच्या पोटात येता.

८ एमएमचं मेसनरी बिट, त्याला टोकापासून ७० एमएमवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे किती आत जायचं ते कळतं. भोक झालं की आतली धूळ काढा, फुंकर मारायची तर डोळे मिटून, नाहीतर सायकलचा पंप वापरा. धूळ राहिली तर प्लग पूर्ण आत जात नाही. आणि प्लग प्लास्टरमध्ये नाही, प्लास्टरच्या पलीकडे विटेत बसला पाहिजे, स्क्रूच्या मागच्या बाजूने ठोकून आत ढकला. पूर्वी भिंतीत चौकोनी भोक पाडून लाकडी गिट्टी ठोकायचे आणि त्यात खिळा, ती गिट्टी सुकून आकसली की सगळं हातात यायचं. जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनचा प्लग काढला, स्क्रू जसजसा आत जातो तसतसा तो फाकून विटेला धरतो, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही फिशर द्या म्हटलं की हेच मिळतं. स्क्रू तीन इंची, १० नंबर. एक इंच पट्टीत जातो, अर्धा-पाऊण इंच प्लास्टरमध्ये, उरलेला विटेत, डोकं पट्टीत थोडं आत बुडवा म्हणजे अजून जरा लांबी मिळते.

पट्टी लागली की लगेच खोका चढवू नका. दोन्ही हातांनी दात धरून खाली दाबा, चांगलं अंगाचं वजन टाकून. पट्टीच्या वरच्या कडेला आणि भिंतीत केसाएवढी जरी फट दिसली तर तो स्क्रू काढून जागा बदला, तो कधी ना कधी सैल पडणारच. ही परीक्षा झाली की खोका सरकवा आणि खालच्या बाजूने कुठल्याही दोन दातांत एकेक बारका स्क्रू मारा. फेव्हिकॉल लावू नका इथे, घर रंगवायला काढलं की खोका काढता आला पाहिजे.

पॉलिशसाठी मी चपडी लाख आणि स्पिरिट वापरलं, आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०, मग कापडाच्या बोळ्याने पातळ तीन-चार हात. मला तो जुन्या कपाटांचा मधासारखा रंग फार आवडतो आणि हे सगळ्यात स्वस्तही पडतं. पण लाखेवर ओला ग्लास ठेवला की पांढरी रिंग उठते, म्हणून चहाचे कप जिथे येणार तिथे लाख नको. मुलीच्या खोलीतल्या फळीला भिंतीचाच उरलेला रंग दिला, आधी प्रायमर, तर ती फळी भिंतीत इतकी मिसळून गेलीय की लांबून नुसती पुस्तकंच दिसतात. प्लायची कड पुढून दिसते तिथे सागाची पातळ बिडिंग पट्टी चिकटवली, फुटावर मिळते, आणि सगळ्या फळीचा दिमाख त्या एका पट्टीने बदलतो, तिथे पैसे वाचवू नका.

खर्च म्हणाल तर हॉलच्या दोन फळ्यांना मिळून पट्ट्या, बिडिंग, स्क्रू, फिशर, फेव्हिकॉल, लाख सगळं धरून आठशे रुपयांच्या आत झालं, प्लाय फुकट आणि ड्रिल शेजारच्या काकांचं. प्लाय विकत घेतलं असतं तर अजून चारएकशे. ड्रिल विकत घ्यायचा विचार असेल तर फक्त या कामासाठी नका घेऊ, मागून आणा, सोसायटीत असतंच.

कुठे लावू नये तेही सांगते. पलंगाच्या डोक्यावर नको आणि पाळण्याच्या वर तर अजिबात नको. चढणारी मुलं असतील तर त्यांच्या छातीच्या उंचीला नको, मुलं कड धरून लोंबकळतात आणि ते वजन नेमकं पुढच्या टोकाला येतं, वरचं गणित आठवा. गॅसच्या जवळ वाफेत प्लाय टिकत नाही, स्वयंपाकघरात कडप्पाच बरा, नाहीतर ७१० चं प्लाय आणि लॅमिनेट. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते तिथे कितीही मोकळी जागा दिसली तरी पुस्तकं ठेवू नका, आधी ओल बंद करा, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारून घ्या, आणि सोडताना प्लग ओढून काढून भोकात वॉल पुट्टी दोनदा भरायची, पहिल्यांदा भरलेली सुकून आत बसते म्हणून दोनदा, मग पॉलिशपेपर मारून भिंतीचा रंग. भिंतीच्या रंगाचा तो डबा घर सोडेपर्यंत टाकून देऊ नका, झाकणावर शेडचा नंबर लिहिलेला असतो.